शोभेचे भोपळे

"मग लोकांनी तोंड का फिरवलं, बुवा? एवढं तरी सांगा."

इंद्रजित हे तिसऱ्यांदा विचारत होता. सिदूबुवा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग उघडली, आत बोट फिरवलं आणि बाजूला टाकली.

"किडकी निघाली," ते म्हणाले.

इंद्रजितनं घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

सहा वाजता बंगळूरहून फोन यायचा होता. त्या फोनवर त्यानं हो म्हणायचं होतं किंवा नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं, तर चार वर्षं राबून केलेला खेळ कायमचा कपाटात जाणार होता आणि त्याच्या कोल्हापूरच्या ऑफिसातली आठ माणसं घरी बसणार होती. हो म्हटलं, तर... पण हो म्हणायला त्याची जीभच रेटत नव्हती.

हा इंद्रजित मगदूम काही ऐरागैरा नव्हे. कॉम्प्युटरवरचे साहसखेळ करण्यात त्याचं नाव होतं. पहिल्या खेळाला दिल्लीत बक्षीस मिळालं होतं, आणि ते बक्षीस त्याच्या बोलण्यात दर दहा वाक्यांनंतर डोकवायचंच. कोडी रचायला मात्र तो शिकला इथं, खडकेवाडीच्या टेकडीवरच्या या मठात. सिदूबुवांनी घातलेलं हुमाण, म्हणजे तोंडी कोडं, दोन-दोन दिवस पंचक्रोशीत कुणाला सुटायचं नाही. सोळा वर्षांचा इंद्रजित तेव्हा सायकल हाणत यायचा आणि बुवांकडून हुमाणं शिकून जायचा. आता वीस वर्षांनी घोडं अडलं, तेव्हा तो पुन्हा टेकडी चढून आला होता. खांद्याला लॅपटॉप होता. चेहऱ्यावरचा भाव असा, की गुरूनं नुसता पाठीवर हात ठेवावा, बाकी सगळं आपल्याला ठाऊक आहे.

"तुजा खेळ असतोय तरी कसा?" बुवांनी विचारलं.

"त्यात मारामारी नसते. एक चित्र असतं, चित्रात एक माणूस असतो. त्याला घेऊन हिंडायचं. वस्तू उचलायच्या, इथली वस्तू तिथं लावून बघायची. एक कोडं सुटलं की वाट उघडते आणि गोष्ट पुढं सरकते."

"मंजी हुमाणच की."

"हुमाणच! तेच तर मी म्हणतो." इंद्रजित सरसावून बसला. "एके काळी लोक असल्या खेळांवर जीव टाकायचे, बुवा. महिना-महिना एकाच दारापाशी अडून बसायचे. मित्रांना विचारायचे, जेवताना त्याचाच विचार करायचे. मग बंदुकांचे खेळ आले. मग हातात फोन आला आणि दोन मिनिटांचे खेळ आले. मोठ्या कंपन्यांनी असले खेळ करायचंच सोडलं. सगळे म्हणायला लागले, हा प्रकार मेला."

"मेला?"

"मेला नव्हता. आता पुन्हा धुगधुगी दिसतेय. परदेशात चार-चार, पाच-पाच जणांचे गट असे खेळ करताहेत. लोक आपणहून वर्गणी काढून त्यांना उभं करताहेत. दिवसभर ठायठाय ऐकून कंटाळलेली माणसं परत येताहेत."

"येत्यात न्हवं? मग?"

"माझ्याकडं नाही येत."

...

हे वाक्य तोंडून निसटलं आणि त्याचं त्यालाच झोंबलं.

"माझा दुसरा खेळ शंभर जणांनी घेतला असेल, तर त्यातल्या चारांनी शेवट पाहिला," तो घाईनं म्हणाला. "बाकीचे तिसऱ्या-चौथ्या चित्रात अडकले आणि निघून गेले. आजकाल माणसांत दमच नाही. डोकं चालवायला नको कुणाला."

"असं व्हय."

नाचता येईना अंगण वाकडं, असं काही बुवा म्हणाले नाहीत. ते पुढची शेंग सोलायला लागले.

"आणि आता हा तिसरा खेळ तयार आहे," इंद्रजित म्हणाला, "तर तो बाजारात आणणारी बंगळूरची कंपनी म्हणते, ठिपका घाल. पिवळा ठिपका. जिकडं जायचं तिकडं चमकणार. जी वस्तू उचलायची तिच्यावर चमकणार. डोकं गहाण टाकून बसलेल्या माणसानंही शेवट गाठावा, अशी सोय! बुवा, हुमाण घालायचं आणि त्याच दमात उत्तर सांगून टाकायचं, याला काही अर्थ आहे?"

"न्हाई."

इंद्रजितला एकदम हायसं वाटलं. हेच ऐकायला तर तो एवढी चढण चढून आला होता.

"म्हणजे मी नाही म्हणून सांगू त्यांना?"

"मी असं कवा म्हटलं?"

...

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. साडेचार होत आले होते.

"दाव तुजा खेळ," बुवा म्हणाले.

मठात सकाळपासून वीज नव्हती. लॅपटॉपची बॅटरी संपली असेल, असा धाक इंद्रजितला होता, पण उघडल्यावर चौथाई शिल्लक निघाली. त्यानं तो बुवांपुढं ठेवला. बुवांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांची नजर अधू झाली होती; चार हातांवरचं माणूससुद्धा आवाजावरून ओळखावं लागायचं.

नेमकी तेव्हाच सोनाक्का दुधाची चरवी घेऊन पायऱ्या चढून आली. साठी उलटलेली बाई, पदर खोचलेला, पायाला धूळ. मठाला रोज तीच दूध घालायची.

"सोनाक्का, जरा टेक," बुवा म्हणाले. "ह्यो इंद्रा. कॉम्प्युटरवर हुमाण घालतोय. तू सोडीव."

इंद्रजितच्या कपाळाला आठी पडली. चार वर्षांची मेहनत, बंगळूरच्या शहाण्यांनाही न सुटलेलं कोडं, आणि ते या दूधवाल्या बाईपुढं मांडायचं?

"बुवा, त्यांना जमायचं नाही. कधी हात लावला नसेल याला."

"तिनं न्हाई लावला, तू लावलाईस न्हवं? ती सांगंल, तू दाब. आनि मधी बोलायचं न्हाई."

"पण..."

"बोलायचं न्हाई."

इंद्रजितनं मूग गिळले आणि खेळ सुरू केला.

पडद्यावर एक गाव उमटलं. कौलारू घरं, एक पार, पाराशेजारी बांधलेली म्हैस, आणि गावाला लागून चढत चाललेलं पाणी. पाण्याच्या काठाला एक परकरी पोरगी उभी होती, गोदा. पलीकडच्या उंचवट्यावर देऊळ होतं आणि देवळात तिची आई अडकली होती. अंधार पडायच्या आत गोदाला पलीकडं न्यायचं, एवढंच काम. काठाला एक होडी होती, पण तिच्या तळाला भोक.

सोनाक्का पुढं वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"कुनाचं गाव हे?"

"कुणाचं नाही, आक्का. मनानं केलंय. धरणात बुडणारं गाव आहे."

सोनाक्कानं पदरानं तोंड पुसलं. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. खडकेवाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. इंद्रजितला नव्हतं.

"त्या घराच्या वळचणीला भोपळं टांगल्यात," ती म्हणाली.

"हो, आमच्या चित्रकारानं काय सुंदर..."

बुवा खाकरले.

"वाळल्यालं हाईत. दोन काढ. दोरीनं जोड आनि पोरीच्या काखंत अडकीव. मग सोड पान्यात. बुडत न्हाई ती."

इंद्रजितचा हात हलला नाही.

"दाब की," बुवा म्हणाले.

त्यानं भोपळ्यावर दाबलं. गोदानं मान वळवून भोपळ्याकडं पाहिलं आणि ती गोड आवाजात म्हणाली,

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

या आवाजासाठी इंद्रजितनं दुसऱ्या खेळाच्या वेळीच पुण्याहून खास मुलगी आणली होती. हे वाक्य तिच्याकडून त्यानं अकरा वेळा म्हणवून घेतलं होतं, मनासारखं होईपर्यंत.

सोनाक्कानं इंद्रजितकडं पाहिलं, मग परत पडद्याकडं.

"बरं. मग हाळी दे पल्याड. देवळात मानसं असत्यात. हाळी ऐकली की कोन तरी काय तरी घिऊन येतंय."

हाळी द्यायची सोय खेळात नव्हती. इंद्रजितनं देवळावर दाबलं.

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

"म्हस सोड."

"काय?"

"म्हस सोड की पान्यात! ती जाती पल्याड आपसूक. पोरीनं शेपूट धरायचं. आमी समदी पोरं तशीच जायचो."

म्हशीवर दाबलं.

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

"त्या घराचं दार काढ. आता घर बुडायलंच हाय, दार कुनाला पायजे? दारावर बसव तिला."

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

एवढा आवडता आवाज, पण इंद्रजितच्या कानात तो आता खुपायला लागला. आपल्याच घरातल्या कुणीतरी पाहुण्याच्या तोंडावर दार आपटावं, तसं त्याला वाटलं. पण हे वाटणं त्यानं झटकून टाकलं. बाईला कोडं सुटत नाही, यात कोड्याचा काय दोष?

सोनाक्का उठली. दूध मठाच्या पातेल्यात ओतून रिकामी चरवी तिनं कमरेला लावली.

"तुज्या गावात माजं काय चालत न्हाई, बाबा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आमच्या गावात चालायचं."

दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

"त्या पोरीला तिची आई घावती का?"

"घावते, आक्का. शेवटी."

"मग बरं."

ती गेली.

...

"उत्तर काय हुतं?" बुवांनी विचारलं.

आता आपली पाळी आली, असं इंद्रजितला वाटलं. तो खुलला.

"पारामागच्या झाडावर मधाचं पोळं आहे. चुलीतली गोवरी घ्यायची, तिचा धूर करायचा, माश्या उठवायच्या. पोळ्यातून मेण मिळतं. आईच्या गोधडीचा दोरा उसवायचा, तो मेणात भिजवायचा आणि होडीचं भोक बुजवायचं. वल्हं म्हणून मुसळ. सहा पायऱ्या आहेत बुवा, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीत दडलेली. पहिल्या खेळाच्या वेळी दिल्लीचे परीक्षक म्हणाले होते, असा बांधीव विचार..."

"मेनानं व्हडीचं भोक बुजतंय?"

"खेळात बुजतं."

"मग खेळात भोपळं का तरंगत न्हाईत?"

"कारण ते नुसते शोभेला आहेत!"

"कुनी ठरीवलं?"

"कुणी म्हणजे? मी! कोडं माझं आहे."

बुवांनी सुपातले दाणे हातानं सारखे केले. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकली आणि पडदा विझला. गाव गेलं, पाणी गेलं, काठावरची पोरगीही गेली.

"ते राहू द्या बुवा," इंद्रजित म्हणाला. "माझ्याकडं चाळीस मिनिटं आहेत. मला एक सांगा. ठिपका घालू की नको?"

बुवांनी मान वर केली.

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

गावंढळ हेल नाही, काही नाही. थेट गोदासारखं, शुद्ध आणि गोड.

इंद्रजित हसला. म्हातारा थट्टा करतोय.

"बुवा, खरंच विचारतोय. आठ जणांच्या पोटाचा प्रश्न आहे. ठिपका घातला तर ती माणसं टिकतात, पण खेळ मरतो. नाही घातला तर खेळ माझ्या मनासारखा राहतो, पण तो कुणाला दिसतच नाही. यातून वाट कुठली?"

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

"कशाचा? प्रश्नाचा?"

बुवा शेंगा सोलत राहिले.

इंद्रजितनं स्वतःची समजूत घातली. बरोबर, आपण अजून नीट विचारलंच नाही. तो उठला, बुवांपुढं वाकला, त्यांच्या पायांना हात लावला. "चुकलो असेन तर पदरात घ्या. गर्व झाला असेल मला. पण वाट दाखवा."

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

साडेपाच. आता हसू येत नव्हतं. त्यानं मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि तोही सोलायला लागला. काही वेळा बुवा असंच करायचे. काम करायला बसलं की मग आपणहून बोलायचे. त्यानं दहा सोलल्या, वीस सोलल्या. नख दुखायला लागलं.

"बुवा?"

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातल्या शेंगा त्यानं खाली आपटल्या.

"लहानपणी तुमच्यापुढं बसून शिकलो. दहा ठिकाणी तुमचं नाव सांगितलं. आणि आज गरजेला आलो तर तुम्ही माझीच चेष्टा करता? मी शहाण्यासारखं विचारलं, पाया पडून विचारलं, शेंगासुद्धा सोलल्या. एका माणसानं आणखी काय करून बघायचं?"

"त्याचा इथं काही उपयोग नाही."

"मग जातो मी!" त्यानं लॅपटॉप पिशवीत कोंबला. दोन पायऱ्या उतरला. तिथंच, मघाशी सोनाक्का थांबली होती त्याच पायरीवर, त्याचे पाय अडखळले. जाऊन जाणार कुठं? सहाला फोन येणार आणि तोंडात उत्तर नाही. ऑफिसातली आठही तोंडं त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

तो वळला आणि रडवेला होऊन ओरडला,

"अहो, मग कुठं हात लावू ते तरी दाखवा! एखादी खूण तरी करा! मला काय कळणार, तुमच्या मनात काय आहे ते?"

...

टेकडीवर वारा सुटला होता. मठाच्या दारावरची घंटा जरा हलली.

इंद्रजितला आपलेच शब्द ऐकू आले.

तो पायरीवर मटकन बसला. ठिपक्याला नावं ठेवत तो चढून आला होता, आणि आता बुवांच्या अंगणात उभा राहून स्वतःच ठिपका मागत होता. त्याला लाज वाटली. एवढी, की बुवांना दिसत नाही याचंच बरं वाटलं.

ती शंभरातली शहाण्णव माणसं त्याला आठवली. त्यांच्यात दम नव्हता, असं तो आजवर सांगत आला होता. त्या खेळातही त्यांतल्या कितीजणांनी असलेच भोपळे सोडून पाहिले असतील? कितीजणांनी आपल्या परीनं हाळी दिली असेल, म्हैस सोडली असेल, दार काढलं असेल? आणि त्या प्रत्येकाला त्यानं, पुण्याहून आणलेल्या गोड आवाजात, एकच उत्तर दिलं होतं. अकरा वेळा घासूनपुसून घेतलेलं उत्तर.

बुवांनी पुढची शेंग घेतली. त्यांच्या शेंगा संपत आल्या होत्या.

सहाला पाच कमी असताना इंद्रजित मठामागच्या झेंड्याच्या कट्ट्यावर जाऊन उभा राहिला. टेकडीवर फोन लागायचा तो तेवढ्या चार हात जागेत. बरोबर सहाला घंटी वाजली. बंगळूरच्या कंपनीच्या बाई मराठीच होत्या आणि आडवळणाच्या नव्हत्या.

"मगदूम, हो की नाही?"

"ठिपका नको."

"मग संपलंच. मी सोमवारी..."

"एक मिनिट ऐका. ठिपका नको, पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. लोक माझ्यामुळं अडकतात. भोपळे चालू करायचे आहेत."

"काय चालू करायचे आहेत?"

त्यानं सांगितलं. सोनाक्काचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. बोलता बोलता त्याची जीभ अडखळली, वाक्यं अर्धवट राहिली. दिल्लीच्या बक्षिसाचं नाव एकदाही निघालं नाही.

फोन तुटला की काय, म्हणून त्यानं तो कानापासून काढून पाहिला.

"तीन आठवडे," बाई म्हणाल्या. "दहा माणसं आणा. अनोळखी, कधी खेळ न खेळलेली. ठिपक्याशिवाय दहातले सात शेवटापर्यंत गेले तर खेळ बाजारात जाईल. सहा गेले तर नाही. आणि मगदूम, त्यांच्या शेजारी बसून तुम्ही बोलायचं नाही."

"नाही बोलत."

फोन ठेवला तेव्हा त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. तीन आठवडे म्हणजे फार नव्हते. पण मघाशी तेवढेही नव्हते. तो जवळजवळ पळतच अंगणात आला.

"बुवा, मिळाले! तीन आठवडे मिळाले!"

बुवांनी सूप मांडीवर घेतलं होतं. ते दाणे पाखडत होते.

"कळलं मला, बुवा. सगळं कळलं," इंद्रजित धापा टाकत म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता आणि आवाजाला जुनी धार परत आली होती. "उद्याच सगळ्यांना बसवतो. सोनाक्कानं सांगितलं ते एकूण एक घालतो. भोपळे तरंगतील, हाळीला माणूस येईल, म्हैस पाण्यात उतरेल, दारही निघेल. माझं मेणाचं उत्तर आहेच. पलीकडं जायच्या पाच वाटा झाल्या. पाच! आता त्या काठावर अडायला कुणाला जागाच उरत नाही. झालं की नाही गाव पुरं?"

बुवांनी सूप खाली ठेवलं. टरफलं अंगणाच्या कडेला सारली. मग त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून ते म्हणाले,

"सोनाक्काची आई पोहत जायाची."